कोल्हापुरी नॉर्टन

"अहो, काय चाललंय हे?"

मंदा दारात उभी होती आणि मी कारखान्यांनी भरलेल्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपात, मोटारसायकलच्या पोटाखाली उताणा पडून तिच्या बापाचं नाव कानशीनं घासत होतो. दुपारचे अडीच वाजले होते. तातोबा सुतार, म्हणजे माझे सासरे, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, जेवून मागच्या खोलीत आडवे झाले होते. त्यांची झोप बरोबर पाऊण तासाची. सहा खुणा घासून झाल्या होत्या, सातवी चालू होती.

"हळू बोल. उठतील."

"आबांची खूण घासताय तुम्ही?"

"उद्या शर्यत आहे. गाडी तपासायला पुण्यास्नं माणसं आल्यात. ही खूण दिसली की गाडी बाद."

"आबांस्नी ठाऊक हाय हे?"

मी कानस जरा जोरात चालवली.

"बरं. मी काय बघितलं न्हाई. जातो मी," मंदा म्हणाली आणि गेली. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'जातो, येतो' असंच बोलतात. त्यामुळे भांडणात नवरा निम्मा आधीच हरलेला असतो.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, बी.एस्सी.ला दोनदा आपटून सासऱ्यांच्या फाउंड्रीत रुजू झालो होतो आणि जगात मला एकच गोष्ट बरी येत होती, ती म्हणजे मोटारसायकल पळवणं. सासऱ्यांना एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे धातू ओतणं. पण ती अशी येत होती की आसपासच्या तीन जिल्ह्यांत उसाचा घाणा मोडला, पंप फुटला, की लोक तो पोत्यात घालून आमच्याकडे आणत. मिस्त्री तुकडे जुळवून बघत, लाकडात त्याचा नमुना कोरत, त्याला आमच्याकडे पॅटर्न म्हणतात, मग वाळूत साचा करून नवा भाग ओतत. आणि प्रत्येक भागावर एक खूण असे: रुपयाएवढ्या गोलात 'ता'. पंपावर ता, घाण्यावर ता, तालमीतल्या वजनांवर ता. आमच्या लग्नात त्यांनी दिलेल्या खलबत्त्यावरसुद्धा ता आहे. चटणी कुटायला घेतली की सासरे समोर हजर.

ती नॉर्टन आमच्याकडे आली तीसुद्धा पोत्यांतूनच. एका संस्थानी अधिकाऱ्याची, अठ्ठेचाळीस सालची, पाचशे सीसीची, एक सिलिंडरवाली इंग्लिश गाडी. अधिकारी वारले, गाडी कोंबड्यांच्या खुराड्यात पडली, आणि आमच्याकडे पोहोचली तेव्हा इंजिनाचं कवच फुटलेलं, हेडला, म्हणजे सिलिंडरच्या टोपणाला, चीर, सिलिंडर गंजून एकजीव झालेला. शहाण्या माणसानं ती भंगारात घातली असती. मिस्त्रींनी चार वर्षं घातली. दूध सोसायटीच्या ॲल्युमिनियमच्या फुटक्या किटल्या आणि ट्रकचे जुने पिस्टन वितळवून त्यांनी इंजिनाचं कवच ओतलं, हेड ओतलं, गिअरबॉक्सचं झाकण ओतलं. तीनदा हेड बिघडलं, चौथ्यांदा जमलं. गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा शेजारच्या वर्कशॉपातल्या लेथ बंद पडल्या, कारण सगळे बघायला आले होते. मिस्त्री म्हणाले, "लई बोंबलतीया. पर सूर बरा हाय." त्यांच्या मानानं हे भाषणच.

मग ते पत्र आलं. पुण्याच्या एका हौशी क्लबाला कोल्हापूरच्या माळावर जुन्या मोटारसायकलींची शर्यत घ्यायची होती. पन्नास सालच्या आतल्या गाड्या, बारा फेऱ्या. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून मिस्त्रींनी ते मला वाचायला दिलं. मी मराठी करून एकेक कलम वाचलं. पाचवं हेल्मेटबद्दल होतं. सहावं मी मनातल्या मनात वाचलं: गाडीचे मुख्य भाग मूळ कारखान्याचेच असावेत, दुरुस्ती चालेल, नव्यानं बनवलेले भाग चालणार नाहीत. सातवं जेवणाच्या कुपनांबद्दल होतं. मी पाचावरून थेट जेवणावर आलो.

आता यात कुणाचं काय बिघडत होतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. गाडी पळवायची मला होती. माळावर मी रोज सकाळी तिला पळवत होतो आणि ती जी काही पळत होती, ती बघून माझी खात्री पटली होती की शर्यतीला सांगलीहून येणाऱ्या ट्रायम्फवाल्याला मी धूळ चारणार. आयुष्यात एकदा मला पहिलं यायचं होतं. विद्यापीठानं दोन वेळा शेवटचं आणून दाखवलं होतंच.

तर शनिवारी दुपारी मी सातही खुणा सपाट केल्या, बारीक पॉलिश कागद मारला, वरून तेल आणि थोडी काजळी चोळली. मिस्त्री उठायच्या आत गाडीवर ताडपत्री टाकली. रविवारी ते अंघोळीला गेले असतानाच गाडी टेम्पोत चढवून मी माळावर पोहोचलो होतो.

माळावर अर्धं उद्यमनगर आलं होतं. पुणेकरांनी एक तंबू ठोकला होता आणि तंबूपुढे टेबल मांडून मेजर आगाशे बसले होते. निवृत्त, गोरेपान, मिशा दोन्हीकडे सारख्या कातरलेल्या, हातात भिंग. शर्यतीच्या आधी प्रत्येक गाडी तेच तपासत. इचलकरंजीच्या एका बीएसए मोटारसायकलचं कार्बोरेटर भलत्याच गाडीचं आहे म्हणून त्यांनी तिला पाच मिनिटांत बाहेर काढलं होतं.

आमची पाळी आली तेव्हा मिस्त्रीही येऊन उभे राहिले. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका, तोंडात तंबाखू. मेजर गुडघ्यावर बसले. भिंगातून इंजिन बघितलं, बोटानं टकटक केलं, परत बघितलं. मग मान हलवत उभे राहिले आणि आपल्या माणसांना हाक मारली.

"इकडे या सगळे. हे पाहून ठेवा. याला म्हणतात इंग्लिश काम! किती सफाई आहे पाहा. चाळीस वर्षं होत आली, पण काल ओतल्यासारखं वाटतंय. आपल्याकडे हे होणे नाही. सात जन्म घेतले तरी नाही."

मिस्त्री पहिल्या वाक्यांना माना डोलावत होते. मग डोलावायचे थांबले. बाजूला जाऊन तंबाखू थुंकून आले.

"कुनाचं काम म्हनालासा, साहेब?"

"इंग्लिश. बर्मिंगहॅमचं."

"बर्मिंगहॅमचं न्हवं. म्या वतलंय ह्ये."

मेजर हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाचं कौतुक करावं तसे हसले, आणि ते जास्त वाईट होतं. "मिस्त्री, तुम्ही निगा छान राखलीत. त्याचं श्रेय तुम्हाला आहेच."

"निगा न्हाई वो. वतलंय. खूण हाय की माझी. ह्यो बगा..."

ते वाकले आणि धोतराच्या सोग्यानं इंजिनाचं कवच पुसलं. काही नव्हतं. पलीकडच्या बाजूला गेले, पुसलं. काही नव्हतं. हेड, सिलिंडर, गिअरबॉक्सचं झाकण, पुढचं चाक, मागचं चाक. साठीपुढचा माणूस सात ठिकाणी वाकला आणि प्रत्येक ठिकाणी अंगठा फिरवून बघत राहिला. मी हेल्मेटचा पट्टा नीट करत होतो. तो नीटच होता.

"पाव्हणं," मिस्त्री मला म्हणाले, "जरा बगा हो. माझं डोळं गेलं का काय? खूण दिसंना झालीया."

त्यांना माझा संशयसुद्धा आला नव्हता. स्वतःच्या डोळ्यांचा आला, माझा नाही. मी खरोखर वाकलो, डोळे बारीक करून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "न्हाई दिसत, मामा."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, त्यातलं बरंचसं मंदाशी. पण त्या तीन शब्दांची लाज मला आजही वाटते.

गर्दीत मंदा होती. ती कधी निघून गेली मला कळलं नाही. वीस मिनिटांनी रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या कडेवर मूल असावं तसा इंजिनाचा लाकडी पॅटर्न होता. तिनं तो सरळ मेजरांच्या टेबलावर आपटला.

"घ्या," मिस्त्री खुलले. "ह्यावरनंच वतलंय."

मेजरांनी इंजिन मोजलं, पॅटर्न मोजला. "हा तीन मिलिमीटर मोठा आहे."

सगळं उद्यमनगर खदखदून हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, पोळी तव्यावर फुगती, पर वतीव काम आखडतंय!"

"धातू निवला का आखडतोय साहेब," मिस्त्रींनी समजावलं. "पॅटर्न मोठंच करावं लागतंय."

मेजर लाल झाले, पण माणूस मूर्ख नव्हता. "ठीक आहे. पण यावरून एवढंच सिद्ध होतं की तुम्हाला पॅटर्न करता येतो. इंजिन याच पॅटर्नवरून ओतलंय, कशावरून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मिस्त्री, तुमच्या भल्याचं सांगतो. कशाला हट्ट करता? इंजिन तुम्ही ओतलंय असं ठरलं, तर गाडी बाद होईल. सहावं कलम आहे. पत्रात स्पष्ट लिहिलंय."

"पत्रात?" मिस्त्री माझ्याकडे वळले. "पाव्हणं, वाचलं न्हाईसा त्ये?"

मी हात पाठीमागं नेले.

ते जवळ आले. माझा उजवा हात धरला आणि तळवा वर केला. ॲल्युमिनियमचा कीस बोटांच्या रेषांत बसतो आणि साबणानं दोन दिवस जात नाही, हे उद्यमनगरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझी बोटं चंदेरी होती. मिस्त्रींनी ती बघितली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळे मिटले.

काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा मिस्त्री टेबलाकडे वळले होते.

"ऱ्हाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "म्हातारा झालोय, चळ लागतोय कवा कवा. इंग्लिशच लिवा. जावयाला पळू द्या आमच्या."

मेजरांनी हिरवा शिक्का मारला. मंदानं पॅटर्न उचलला. माझ्याकडे तिनं ज्या नजरेनं बघितलं, त्यापुढे कानाखाली बसली असती तर बरं झालं असतं.

अकरा गाड्या रांगेत लागल्या. जुन्या शर्यतींची रीत अशी की इंजिन बंद ठेवायचं, झेंडा पडला की गाडी ढकलत पळायचं आणि इंजिन सुरू झालं की उडी मारून बसायचं. मी हँडल धरून उभा होतो. डावीकडे सांगलीचा ट्रायम्फवाला हातमोजे चढवत होता. मिस्त्री शेवटची नजर टाकायला आले. पेट्रोलचा कॉक बघितला, क्लचची तार ओढून बघितली. माझ्याकडे बघत नव्हते, गाडीशीच बोलत होते.

"तिसऱ्या वळनाला गिअर आधीच खाली टाका. उगा ताणू नगा. हेड तापलं का बसंल, नवं हाय अजून..."

मेजर झेंडा घेऊन चार हातांवर उभे होते. मिस्त्रींनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि घाईनं वाक्य सुधारलं.

"म्हंजे... इंग्लिश हाय. जपून."

तेवढ्यावर माझं सगळं ओम फस झालं. चौथ्यांदा हेड जमलं त्या दिवशी हा माणूस भट्टीपाशी फतकल मारून रडला होता. मी बघितलं होतं. आणि आता माझ्या बारा फेऱ्यांसाठी तो तेच हेड बर्मिंगहॅमला देऊन टाकत होता, वर चुकून खरं बोललो म्हणून घाबरत होता. मला पहिलं यायचं होतं हे खरं. पण अशानं पहिला आलो असतो तर तो कप मी घरात ठेवला कुठं असता? मंदानं त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं असतं.

मी गाडी स्टँडला लावली आणि मेजरांपुढे जाऊन उभा राहिलो.

"साहेब, खूण मी घासली. काल दुपारी. सात ठिकाणी."

"काय?"

"गाडी मामांनी ओतलीय. पत्रातलं सहावं कलम मी त्यांना वाचून दाखवलं न्हाई. ही बोटं बघा."

मेजरांनी भिंग काढलं आणि खरोखर माझी बोटं भिंगातून बघितली. मग सरळ नॉर्टनकडे गेले, इंजिनाच्या कवचापाशी उकिडवे बसले आणि भिंग उन्हाकडे तिरपं धरून बराच वेळ बघत राहिले. घासलेली जागा कितीही सपाट केली तरी उन्हात थोडी वेगळी चमकते, हे त्यांना कळलं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मी सैन्यात पंधरा वर्षं वर्कशॉप सांभाळलंय. मला हे ओळखू आलं नाही."

"त्येला तुमी काय करनार?" मिस्त्री उदारपणे म्हणाले.

"पण गाडी बाद. नियम आहे."

"करा की."

"मला वाईट वाटतंय."

"वाईट कशाला? फकस्त तोंडी नगं. लिवून द्या. बाद का केली, त्येचं कारन बी लिवा. आन मराठीत लिवा."

शर्यत सुरू झाली. दहा गाड्या बोंबलत गेल्या, धुरळा उडाला, आणि उद्यमनगरातल्या एकाही माणसानं तिकडे मान वळवली नाही. सगळे टेबलाभोवती दाटले होते. मेजर लिहीत होते आणि मिस्त्री कमरेवर हात ठेवून एकेक भाग सांगत होते. इंजिनाचं कवच. हेड. सिलिंडर. पिस्टन. गिअरबॉक्सचं झाकण. पुढच्या चाकाचा हब. मागच्या चाकाचा हब. कागद संपत आला.

"मिस्त्री," मेजरांनी पेन थांबवलं, "मग या गाडीत इंग्लिश आहे तरी काय?"

मिस्त्रींनी बराच विचार केला. "टाकीवर नाव हाय की. नॉर्टन म्हनून."

"चला, तेवढं तरी मूळ आहे."

"न्हाई, म्हंजे... त्ये बी गेल्या दिवाळीला पेंटरकडनं काढून घेतलं."

मेजर आगाशे इतके हसले की भिंग टेबलावरून खाली पडलं. हसत हसतच त्यांनी शेवटची ओळ लिहिली: 'सदर मोटारसायकल कोल्हापूर येथील तातोबा सुतार यांनी बनवलेली असल्यामुळे शर्यतीतून बाद करण्यात येत आहे.' सही केली, शिक्का मारला आणि कागद पुढे केला. मिस्त्रींनी तो डोळ्यांजवळ धरून सगळा वाचला. मग माझ्याकडे दिला.

"खाली सही करा, पाव्हणं."

"साक्षीदार म्हणून?"

"साक्षीदार कशाला? जे केलंसा त्येच लिवा. घासनारा."

सगळं उद्यमनगर बघत होतं. मी लिहिलं: घासणारा, बजरंग मारुती पोवार. आणि तारीख घातली.

त्या दिवशी शर्यत कोण जिंकलं हे मला ठाऊक नाही. ट्रायम्फवाला असेल. मिस्त्रींनी त्या कागदाला काच बसवून घेतली आणि तो वर्कशॉपात लेथच्या वर टांगला. मिस्त्री जाऊन आता सोळा वर्षं झाली, मेजर त्यांच्या आधीच गेले, कागद अजून तिथंच आहे. नवं गिऱ्हाईक आलं की वरपासून खालपर्यंत वाचतं आणि शेवटी हमखास विचारतं, "हा घासणारा कोण?" मी उत्तर द्यायच्या आत मंदा मागच्या खोलीतून ओरडते, "तुमच्याफुडं बसलाय त्यो!"

पण तो रविवार तिथं संपला नाही. टेम्पो दुसऱ्या भाड्याला गेला होता, म्हणून भर उन्हात आम्ही दोघं गाडी ढकलत माळावरून घरी निघालो. चालू करून नेता आली असती, पण मिस्त्री ढकला म्हणाले, आणि त्या दिवशी मी काहीही ढकललं असतं. ते हँडलला, मी मागं. अर्धा तास माझ्या मनात माफीची वाक्यं तयार होत होती आणि मोडत होती. नाक्यावर सावलीला ते थांबले. इंजिनापाशी वाकले आणि जिथं खूण होती तिथं अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा.

"कानस कंची वापरली?"

"अर्धगोल, मामा. बारीक दाताची. वरून पॉलिश कागद."

"कुठं वरखडा न्हाई." त्यांनी पलीकडची बाजूही तपासली. "कडा बी मारल्यासा नीट. माज्या अंगठ्याला कळलं न्हाई, त्या मेजराच्या भिंगाला कळलं न्हाई."

मी मान खाली घालून उभा होतो.

"तीन वर्सं झाली शिकवतोय तुमास्नी," मिस्त्री परत हँडल धरत म्हणाले, "आन पयलं काम धड केलंसा ते ह्ये. चला, ढकला."